येथील क्षेम नाही

आमच्या घरात एक पत्र होतं. माझ्या पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धाच्या वेळी जहाजावर लिहिलं आणि एडनच्या बंदरातून टपालात टाकलं. संस्थानाच्या फौजेची एक तुकडी तेव्हा मुंबईहून बोटीनं लढाईवर गेली, तिच्यात ते होते. परत आले नाहीत. पत्र मोडीत होतं, त्यामुळे ना मला वाचता येत होतं, ना माझ्या वडिलांना. पण त्यात काय लिहिलंय ते घरात प्रत्येकाला पाठ होतं. माझे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते खंडेनवमीला तलवारीशेजारी पत्र ठेवायचे आणि पूजा झाली की हातात घेऊन, ओळींवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचायचे. 'आम्ही समुद्रास भीत नाही. आलो तर मान वर करून येऊ.' अण्णा गेल्यावर बाबांनी ते काचेच्या फ्रेममध्ये बसवलं आणि दर खंडेनवमीला फ्रेमपुढे उभे राहून तेच शब्द म्हणायला लागले.

मला गाडी लागते. लहानपणी तर फारच लागायची. आम्ही इंदूरचे, आईचं माहेर खंडव्याला. वर्षातून दोनदा जाणं व्हायचं, आणि बस सिमरोल सोडून घाटाला लागली की माझ्या पोटात ढवळायला लागायचं. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही मामाच्या लग्नाला निघालो होतो. घाटातल्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर मी आईच्या शालूवर आणि पुढच्या सीटवरच्या एका अनोळखी माणसाच्या पाठीवर ओकलो. बाबांनी मारलं नाही. त्यांनी माझा नवा शर्ट काढला, त्यानं आधी त्या माणसाची पाठ पुसली, मग सीट पुसली, आणि तो तसाच माझ्या गळ्याभोवती गाठ मारून बांधला. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही, म्हणाले.

लग्नघरी मी तसाच उतरलो. कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "याचा पणजा काळं पाणी ओलांडून गेला, अन् याला सिमरोल पार नाही होत." लोक हसायचे. लग्नघरातलं हसणं, त्यात वाईट कोणाच्या मनात नसतं. आई दोनदा माझ्याकडे आली, दोन्ही वेळा बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा ती आली नाही. अक्षता पडेपर्यंत शर्ट गळ्यात होता. तोवर वाळून कडक झाला होता आणि हनुवटीला टोचत होता.

हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं याची गणती नाही. शाळेच्या सहलीला गेलो नाही तेव्हा, लग्नानंतर बायकोला घेऊन डोंगरात फिरायला जायचं टाळलं तेव्हा, ऑफिसातले लोक घरी जेवायला आले तेव्हा. मी पन्नाशीला आलो तरी ते तसंच होतं. माणसं बदलायची, वाक्य तेच. मला त्याचं काही वाटेनासं झालंय, असं मी धरून चाललो होतो.

मग आई गेली. माहेरी गेली असताना तिला अटॅक आला आणि खंडव्याच्या डॉक्टरांनी इंदूरला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या पायाशी बसलो होतो, बाबा डोक्याशी. गाडी जोरात चालली होती, आत खिडकी नव्हती, औषधांचा वास होता. घाट चढताना मी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घातलं. बाबांनी समोरच्या अटेंडंटला सांगितलं, "याचा पणजा काळं पाणी ओलांडून गेला." पुढचं हिंदीत सांगितलं, म्हणजे त्याला कळावं. तो भला मुलगा होता, कसंनुसं हसला. आई शुद्धीवर होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. इंदूरला पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली ती परत आली नाही, म्हणजे तिनं ऐकलेलं शेवटचं धड वाक्य ते होतं.

दिवसवार झाल्यावर मी जुनी इंदूर भागात आत्याकडे गेलो. बाबांची ती धाकटी बहीण, एकटी राहते. तिच्यापुढे मी पहिल्यांदाच बाबांबद्दल तोंड उघडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एक गोष्ट सांगितली. बाबा सात वर्षांचे होते, ती पाच. बाबांना पाण्याची भीती वाटायची, अंगावर तांब्या ओतला तरी रडायचे. एका सकाळी अण्णा दोघांना नदीकाठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी घेऊन गेले. तेव्हा नदीला पाणी असायचं. पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी बाबांना उचललं आणि पाण्यात फेकलं. बाहेर काढलं, पुन्हा फेकलं. फेकताना पणजोबांच्या पत्रातलं ते वाक्य म्हणत होते. तिसऱ्या खेपेला बाबा वर आले नाहीत. पलीकडे कपडे धुणाऱ्या एका माणसानं उडी मारून त्यांना बाहेर ओढलं. आत्या अण्णांच्या चपला हातात धरून उभी होती.

"त्यानंतर भाऊ रडलेला मी नाही बघितला," ती म्हणाली. "आमची आई गेली तेव्हा पण नाही."

माझ्या मनात बाबांबद्दल दया यावी म्हणून तिनं हे सांगितलं होतं. दया आली नाही. दुखतं कुठे ते कळलं, एवढंच मी तिथून घेऊन उठलो.

दोन वर्षांनी शहरातल्या एका संग्रहालयानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बोटीनं लढाईवर गेलेल्या शिपायांचा प्रवास, असा विषय होता. घरात काही जुनं असेल तर आणून द्या, असं आवाहन पेपरात आलं. बाबा तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. दुसऱ्याच दिवशी फ्रेम मांडीवर घेऊन ते रिक्षानं गेले. आपल्याला व्हॉट्सॲप जमत नाही म्हणून फॉर्मवर माझा नंबर लिहून आले.

तिथली बाई तरुण होती, कामाला चोख. तिनं पत्राचा फोटो पुण्याच्या एका मोडी वाचणाऱ्याला पाठवला, आणि तीन आठवड्यांनी वाचलेला मजकूर माझ्या फोनवर आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. पत्र पणजोबांनी थोरल्या भावाला लिहिलं होतं. जुन्या पत्रांची सुरुवात ठरलेली असते, येथील क्षेम आहे, आपलं क्षेम कळवत जावं. इथे नमस्कारानंतर लगेच लिहिलं होतं, 'येथील क्षेम नाही.'

'नऊ दिवस पोटात अन्न ठरत नाही. जहाजाचे तळात आम्ही आणि खेचरे एकेच ठिकाणी. खेचर मेले की दोराने वर ओढून पाण्यात टाकतात. काल एक टाकले ते मेले नव्हते. जहाजामागे पुष्कळ वेळ पोहत होते. मी कठड्याशी उभा राहून पाहिले. मला भय वाटते. आपण दरबारात शब्द टाकून मला माघारी बोलवावे. आजारी आहे म्हणावे. वेड लागले म्हटले तरी चालेल. लोक काय म्हणतील याची लाज मला राहिली नाही. पाया पडतो.'

आमच्या घरच्या गोष्टीत पणजोबा घोडेस्वार होते, खेचरांचं नाव कधी निघालं नव्हतं. मान वर वगैरे पत्रात कुठेच नव्हतं.

त्याखाली आणखी काही ओळी होत्या. 'चिरंजीवास मारू नये. तो पाण्यास भितो, ते माझेवर गेले आहे, त्याचा दोष नाही. जवळ घेऊन निजवीत जावे.' हे चिरंजीव म्हणजे अण्णा. तेव्हा ते चार-पाच वर्षांचे असतील.

त्या बाईचा फोन आला तेव्हा ती भारावलेली होती. प्रदर्शनात बहुतेक पत्रं तब्येत आणि पगाराची होती, असं दुसरं नव्हतं. उद्घाटनाला ते एका नटाकडून वाचून घ्यायचं, असं तिच्या मनात होतं. मुलाबद्दलच्या ओळी तिला सगळ्यात जास्त आवडल्या होत्या, त्यांनीच शेवट करू, म्हणाली. मी म्हटलं, भीतीचा भाग घ्या, मुलाचा नको, ते आमचं घरगुती आहे. तिनं दोनदा समजावून पाहिलं. मी ऐकलं नाही. मग तिनं विचारलं, "सर, बाबूजींना तुम्ही दाखवलंय ना हे सगळं?" मी हो म्हटलं.

दाखवलं नव्हतं. दोन महिने ते माझ्या फोनमध्ये होतं. त्या दोन महिन्यांत बाबा रोज संध्याकाळी भाषणाची तयारी करायचे, कारण वंशज म्हणून त्यांना पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. कागदावर लिहायचे, खोडायचे, मला वाचून दाखवायचे. मी चुका काढायचो. एका ठिकाणी 'शौर्य' शब्द दोनदा आला होता, तो मी बदलून दिला.

उद्घाटनाला त्यांच्या ऑफिसातले जुने लोक आले होते, नात्यातले पंधरा-वीस आले होते. आत्याचे गुडघे धरले होते, ती आली नाही. एका खोलीत जहाजाचा तळ उभा केला होता. लाकडी फळ्या, टांगलेल्या झोळ्या, इंजिनाची घरघर, आणि खालची जमीन मोटरीवर डुलती. मी दोन मिनिटांत बाहेर आलो. बाबा आत काठी न टेकता, पाय फाकवून उभे राहिले आणि दारातून मला म्हणाले, "बघ, काही नाही होत." आजूबाजूच्या दोघांना ते वाक्यही सांगून झालं.

मग भाषण. छान बोलले. आवाज खणखणीत होता. समुद्राला न भिणाऱ्या आजोबांबद्दल बोलले, आजच्या पिढीबद्दल बोलले. माझं नाव घेतलं नाही, पण माझ्याकडे पाहिलं, आणि नात्यातले लोक हसले. टाळ्या झाल्या. ते खुर्चीवर बसले आणि तो नट उभा राहिला.

तो चांगला वाचत होता, फार नाटकी नाही. 'येथील क्षेम नाही' म्हटल्यावर बाबांनी हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवली, बहुधा दुसऱ्या कोणाचं पत्र असेल असं वाटून. मग त्यानं घराण्याचं नाव घेतलं. मी पत्र ऐकत नव्हतो, बाबांकडे पाहत होतो. मी मुद्दाम समोरच्या बाजूला बसलो होतो. खेचर पोहत राहतं तिथे त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. 'पाया पडतो' झालं. मागे कोणीतरी डोळे पुसत होतं. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

मला आनंद झाला. दुसरा शब्द शोधायला मी बसत नाही.

गाडीत त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग म्हणाले, "अण्णांना मोडी येत होती."

मी गाडी चालवत राहिलो.

"लोक कोर्टाचे जुने कागद घेऊन यायचे त्यांच्याकडे. ते वाचून द्यायचे." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे डोळ्यांनी हे वाचायचे अन् तोंडानं ते बोलायचे. दरवर्षी."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला फक्त पणजोबांना खाली ओढायचं होतं, त्यांच्या आडून बाबांना. पायऱ्यांवरून तीनदा फेकणाऱ्या माणसानं हे पत्र वाचलेलं होतं, इतका विचार मी केला नव्हता. मग बाबांनी विचारलं की मला आधी माहीत होतं का. मी हो म्हटलं. कधीपासून? दोन महिने. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज संग्रहालयात जायला लागले. रिक्षा करून जायचे, पत्राच्या काचेच्या पेटीशी उभे राहायचे, आणि कोणी वयस्क दिसला की विचारायचे, तुम्हाला मोडी येते का? इंदूरमध्ये आता कोणाला मोडी येते. लोक नाही म्हणून पुढे जायचे. चौकीदारानं पहिले काही दिवस त्यांना स्टूल दिलं. मग त्या बाईचा मला फोन आला, की ते शाळेच्या बाईंना अडवून धरतात, मुलांना पेटीपाशी येऊ देत नाहीत. मी म्हटलं, बघतो. बघितलं काही नाही.

एका दुपारी त्यांनी काठीनं काच वाजवली. पत्र बाहेर काढा, मला अक्षर जवळून बघायचं आहे, म्हणत होते. काचेला तडा गेला. मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा एका शाळेची चाळीसेक मुलं भिंतीला लागून उभी होती आणि मध्ये बाबा.

"चला," मी म्हटलं, "तमाशा पुरे."

ते हलले नाहीत. मी दंड धरला आणि ओढलं. त्यांचं वजन काही उरलं नव्हतं, माझ्या अंदाजापेक्षा ते जोरात आले, एक चप्पल मागे राहिली. पोरं हसली. शाळेच्या बाईंनी त्यांना दटावलं. दारापाशी बाबा माझ्या हाताला लोंबकळल्यासारखे थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू शीक ना रे मोडी. तू शिकून मला सांग. पुण्याच्या माणसाचा काय भरोसा."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असेल.

"मी नाही शिकणार," मी म्हटलं आणि चप्पल आणायला आत गेलो.

प्रदर्शन संपल्यावर फ्रेम घरी आली. त्यांनी ती भिंतीवर लावू दिली नाही, पलंगाशेजारी खुर्चीवर ठेवली. खंडेनवमी आली. मी तलवार काढून पुसली, बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. ते वाक्यही थांबलं. घरात खरोखर शांतता होती आणि मला ती आवडत होती.

दिवाळीनंतर एके सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा फ्रेम त्यांच्या मांडीवर होती. कागदाच्या खालच्या भागावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "त्यानं वाचलं ते थोडंच होतं. पान तर भरलंय. बाकी काय लिहिलंय?"

फोन माझ्या खिशात होता. त्यात त्या ओळी होत्या. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो.

"बाकी घरगुती आहे," मी म्हटलं. "शेताचं, गव्हाचं."

"माझ्या बापाचं काही?"

"नाही."

त्यांनी बोट उचललं आणि चहा घेतला.

डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवसांत ते पाणी पाणी म्हणायचे. नर्स चमच्यानं घालायला गेली की तोंड फिरवायचे. ते पाणी मागत होते की दुसरं काही म्हणत होते, मला ठरवता आलं नाही.

तेराव्याला आत्या आली. पाहुणे गेल्यावर ती बाबांच्या खोलीत पलंगावर बसली, खुर्चीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, आणि उद्घाटनाला काय वाचलं ते मला ऐकव, म्हणाली. लोकांकडून तिनं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. मी फोन काढून सगळं वाचलं. का कोण जाणे, या वेळी थांबलो नाही, चिरंजीवाच्या ओळीही वाचल्या.

तिनं तेवढ्याच ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग विचारलं, "हे भाऊनं ऐकलं होतं?"

"नाही."

"का नाही?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आठवडाभर मी तेच स्वतःला सांगत होतो. अण्णांना मोडी येत होती. मारू नका हे वाचूनही त्यांनी आपल्याला पाण्यात फेकलं, हे बाबांना कळलं असतं तर या वयात सोसलं नसतं. मी ते सांगितलं. बोलताना मला ते बरंचसं खरंही वाटलं.

आत्यानं पूर्ण ऐकलं.

"नसतं सोसलं," ती म्हणाली. "मग रडला असता. तेवढं तरी होऊ द्यायचं होतंस."

तिनं विचारलं, त्यानं कधी विचारलं होतं का, की बाकी काय लिहिलंय. खोटं बोलता आलं असतं, मला सवय झालीच होती. पण मी हो म्हटलं. गव्हाचंही सांगितलं.

ती उठली. माझी बायको पान वाढत होती, तिला आत्या म्हणाली की आपल्याला भूक नाही, रिक्षा बोलावून द्या. मी गाडीनं सोडतो म्हटलं, नको म्हणाली. दाराच्या पायरीवर मी हात पुढे केला तेव्हा तिनं भिंत धरली.

आत्या अजून आहे. मी दर रविवारी फोन करतो. उचलते, गुडघ्यांचं सांगते, औषधांचं सांगते. माझं काही विचारत नाही. मग ती 'ठेवते' म्हणून फोन ठेवते.